पाटकऱ्याच्या बारा तारा

पुण्याजवळच्या जांबे गावच्या गेणबाला अमेरिकेतल्या एका कोर्टाचा राग आला, ही गोष्ट २०१० सालच्या एप्रिल महिन्यातली. तोवर गेणबा कधी अमेरिकेच्या वाटेला गेला नव्हता. पुण्याला जायचं म्हटलं तरी त्याला आदल्या दिवशी जेवण जात नसे. पण माणसाचा राग कुठल्या वाटेनं बाहेर पडेल याचा नेम नाही, आणि गेणबाच्या रागामागं तर उभं आयुष्य होतं. ते आधी सांगायला हवं.

गेणबा मूळचा पाटकरी. म्हणजे नदीवरून पंपानं उपसलेलं पाणी पाटानं गावच्या शेतांना वाटून देणारा माणूस. बावीस वर्षं त्यानं हे काम केलं. पंप एक, शेतकरी चाळीस, आणि वैशाखात नदी आटत आली की चाळिसांची तोंडं चाळीस दिशांना. ज्याच्या शेताला पाणी चालू असेल त्याच्या बांधावर गेणबा काठीला फडकं बांधून रोवायचा. फडकं दिसलं की बाकीच्यांनी समजायचं, आज पाणी तिकडं आहे, आपण घरी जाऊन निवांत भाकरी खावी. सुरुवात नेहमी पाटाच्या टोकाच्या शेतापासून करायची आणि शेवट पंपाजवळच्या शेतावर, हा त्याचा नियम. जवळच्याला पाणी कसंही मिळतं, टोकाच्याला मात्र कुणीतरी आठवणीनं पोचवावं लागतं, असं तो म्हणायचा.

पाटाची लोखंडी दारं उचलून उचलून त्याच्या हाताला एक खोड लागली होती. कुठल्याही गोष्टीची सुरुवात सांगायची झाली की त्याचा उजवा पंजा आडवा होऊन कमरेपासून छातीपर्यंत सावकाश वर जायचा. मुलीचं लग्न कधी ठरलं हे सांगतानाही पंजा वर. बायको रंभाबाई त्याला म्हणायची, तुमी हातानं दार उचलल्याबिगार तुमचं त्वांड उघडत न्हाई.

या बावीस वर्षांत त्याच्यावर एकच मोठा प्रसंग आला. या उपसा पाणी योजनेचे अध्यक्ष हैबतराव यांनी १९९८ साली जाहीर करून टाकलं की पंप माझ्या जागेत आहे, तेव्हा आधी माझा ऊस भिजेल, मग गाव. गाव कोर्टात गेलं आणि गेणबाला पुण्यात साक्षीला उभं राहावं लागलं. हैबतरावांच्या वकिलानं त्याला दरडावून विचारलं, पंप कुणाच्या जागेत आहे? हैबतरावांच्या, असं गेणबानं कबूल केलं. मग पाणी कुणाचं, असा वकिलाचा पुढचा प्रश्न.

गेणबा म्हणाला, "पंप त्यांच्या जागंत हाय. पानी नदीचं हाय."

गावाला हे वाक्य इतकं आवडलं की पुढं दोन निवडणुकांत ते भाषणांतून ऐकू आलं. निकाल गावाच्या बाजूनं लागला, पण लागला सात वर्षांनी. तोवर गावची बहुतेक जमीन शेजारच्या हिंजवडीच्या आयटी पार्कपायी विकली गेली होती, उसाच्या जागी काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि पंपहाऊसमध्ये कबुतरं राहत होती. समान पाणीवाटपाचा हुकूमनामा गावाच्या हातात आला तेव्हा भिजवायला शेतच उरलं नव्हतं. हैबतरावांनी कोपऱ्यावर हॉटेल टाकलं. गेणबानं घराच्या मागं बारा खोल्या बांधल्या, त्यांत कंपनीत काम करणारी पोरंपोरी भाड्यानं राहायला आली, आणि जुने वादी-प्रतिवादी रोज सकाळी एकाच बाकावर बसून चहा पिऊ लागले.

भाडेकरूंनी मिळून इंटरनेटची एक लाइन घेतली. केबलवाल्यानं गेणबाच्या पडवीतल्या कोनाड्यात एक पेटी बसवली आणि तिच्यातून बारा तारा काढून बारा खोल्यांत सोडल्या. प्रत्येक तारेपाशी एक हिरवा दिवा लुकलुकायचा. गेणबाला तो प्रकार फार आवडला. संध्याकाळी तो खुर्ची टाकून त्या दिव्यांकडं बघत बसायचा आणि कुठल्या खोलीत किती ओढ आहे ते रंभाबाईला सांगायचा.

पण लाइन एक आणि खोल्या बारा. संध्याकाळी सगळे कामावरून आले की नेट रडायला लागे. सात नंबरवाला चित्रपट उतरवतो म्हणून तीन नंबरवालीचं ऑफिसचं काम अडे, मग जिन्यात बाचाबाची होई. शेवटी सगळे गेणबाकडं आले. अण्णा, तुम्हीच काहीतरी करा.

गेणबाला दुसरं काय हवं होतं! पाच वर्षं रिकाम्या बसलेल्या पाटकऱ्याला पुन्हा पाट मिळाला. त्यानं धुतलेला सदरा घातला आणि प्रत्येक दारात जाऊन विचारलं, तुमचं पीक काय? पोरं हसली, पण त्याचं बरोबर होतं. टंचाईच्या उन्हाळ्यात योजनेचं पाणी पीक बघून मिळायचं. आधी जनावरं, मग भाजीपाला, ऊस शेवटी. तेच त्यानं इथं लावलं. ऑफिसचं काम, परीक्षेचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, हे आधी. सिनेमा, गाणी, व्हिडिओ हा ऊस. रंभाबाईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून त्यानं असा ऊस असलेल्या चार खोल्यांच्या तारांना बांधल्या. रोज संध्याकाळी चार तास आणि रविवारी सकाळी गर्दीच्या वेळी त्या चार तारा तो पेटीतून उपसून ठेवी. बाकी आठ खोल्यांत नेट सुरळीत चाललं, गेणबाचं कौतुक झालं, आणि कौतुक झाल्यावर आपलं काही चुकत असेल अशी शंका घेण्याइतका तो संत नव्हता.

मग एप्रिलातल्या त्या आठवड्यात, कंपनीची बस यायच्या आधी, हैबतरावांच्या हॉटेलात कौस्तुभनं अमेरिकेची बातमी सांगितली. कौस्तुभ पाच नंबरच्या खोलीतला, सोलापूरकडचा. जगातल्या प्रत्येक अन्यायाची खबर त्याला सगळ्यांच्या आधी लागायची. तिकडं तारा पुरवणाऱ्या एका बड्या कंपनीनं आपल्याच गिऱ्हाइकांच्या काही प्रकारच्या फायली गुपचूप अडवून मंद केल्या होत्या. सरकारी मंडळानं कंपनीला दटावलं. कंपनी कोर्टात गेली, आणि कोर्टानं परवा सांगितलं की या मंडळाला असं दटावायचा अधिकारच कायद्यानं मिळालेला नाही.

हॉटेलात चहा निवला इतका वाद झाला. कुणी म्हणालं, आपल्याला काय त्याचं, आपण कुठं अमेरिकेत राहतो? कौस्तुभ म्हणाला, आज तिकडं झालं ते उद्या इकडं येईल. ज्याला जास्त हवं त्यानं जास्त मोजावं, असंही एकाचं म्हणणं पडलं. हैबतराव गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. त्यांना त्या कोर्टाचं फार कौतुक वाटलं. ज्याची तार त्याचा हुकूम, त्यात चुकलं काय, असं ते म्हणाले आणि म्हणताना त्यांनी गेणबाकडं बघितलं. बारा वर्षांपूर्वीचा पंप त्या नजरेत होता.

गेणबानं कप खाली ठेवला. "तार त्याची असंल, हैबतराव. तारंतनं जातंय ते त्याचं न्हाई. कुनाच्या वाट्याला काय चाललंय ते बघून मदीच अडवायचं, ह्ये पाटकऱ्याचं काम न्हवं. त्या कोर्टानं माझी साक्ष काढायला पायजे व्हती."

सगळे हसले. तीन नंबरच्या खोलीतली मृण्मयी मात्र हसली नाही. गेणबाच्या वाटणीत जिचं काम सगळ्यात आधी लागायचं ती हीच. पण दुसऱ्याच्या हिश्श्यातून मिळालेलं सुख हिला रुचत नसे.

"अण्णा," ती म्हणाली, "मग आपल्या पडवीत लाल चिंध्या कशाला?"

"त्यो सिनेमा हाय, ताई. त्यो ऊस हाय."

"तुम्ही बघितलाय?"

तेवढ्यात बस आली आणि पोरं उठून गेली. गेणबा बाकावरच बसून राहिला. हैबतराव मोठ्या प्रेमानं म्हणाले की दुसरा चहा माझ्याकडून, आणि त्या चहानं गेणबाचं तोंड कडू झालं. घरी येऊन त्यानं रंभाबाईला सगळं सांगितलं. आपल्याला कुणीतरी नाही म्हणावं, ही त्याची अपेक्षा होती. रंभाबाईनं भाजी निवडता निवडता म्हटलं, ती पोर खोटं काय बोलली? आठवडाभर तो चिडचिडा होता. चिंध्या मात्र काढल्या नाहीत. हार मानायला गेणबाला नेहमीच वेळ लागायचा.

रविवारी नऊच्या सुमाराला त्यानं चार तारा उपसल्या. मग मृण्मयीचा प्रश्न पुन्हा टोचला. बघू तरी कुठले सिनेमे बघतात, असं म्हणून तो मागं गेला. चिंध्या बांधलेल्या चारांपैकी तीन खोल्यांत पोरं अंथरुणातच होती. नऊ नंबरचं दार अर्धं उघडं होतं.

नऊ नंबरमध्ये दयानंद राहायचा. वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याजवळचा, वर्षभर राहून वर्षभरात शंभर वाक्यंही न बोललेला पोरगा. तो कॉम्प्युटरसमोर खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याचे दोन्ही हात छातीसमोर हवेत होते, बोटं अर्धवट वळलेली, आणि तसेच थांबलेले. पडद्यावर एका बाईचं चित्र गोठलं होतं. कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावरून पदर, तिचेही हात वर उचललेले. गेणबाला वाटलं, दोघं एकमेकांना नमस्कार करताहेत की काय.

"कोन रं ह्या?" त्यानं विचारलं.

"माझी माय," दयानंद म्हणाला. त्यानं हात खाली घेतले नव्हते. "तिला ऐकू येत नाही, अण्णा. बोलताही येत नाही. आम्ही हातानं बोलतो."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. मायलेकरांची ही भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. घरातच घडलेली होती, आणि वडील वारल्यावर ती पूर्ण समजणारा दयानंद एकटाच उरला होता. नोकरीसाठी तो इकडं आला तेव्हा रत्नाबाईचं बोलणंच बंद पडलं. फोनचा काही उपयोग नव्हता, पत्र तिला वाचता येत नव्हतं. मग दयानंदनं कारंज्याच्या एका कॅफेवाल्याला गळ घालून कॅमेऱ्याची सोय केली. तेव्हापासून दर रविवारी ती पहाटे उठून एसटीनं कारंज्याला यायची, भारनियमन सुरू व्हायच्या आत लेकाशी बोलून घ्यायची आणि परत जायची. आठवड्यातून तेवढाच अर्धा तास तिला कुणीतरी पुरतं ऐकायचं.

गेले तीन रविवार ते मधेच तुटत होतं. तार उपसली जाते हे तिला कसं कळावं? दयानंदच्या त्या भाषेत तार नव्हती, पेटी नव्हती. तिनं आपल्या मनानं अर्थ लावला. शहरातल्या मित्रांसमोर लेकाला आपल्या हातवाऱ्यांची लाज वाटते, म्हणून कुणी खोलीत आलं की तो बंद करतो.

"आज म्हणाली, आजही मधेच घालवलंस तर मी पुन्हा येणार नाही," दयानंद म्हणाला. "एवढं म्हणाली, आणि..."

पुढं बोलायची गरज नव्हती. बासष्ट वर्षांचा गेणबा चपला न घालता धावला. पडवीत येऊन त्यानं नऊ नंबरची तार पेटीत खुपसली आणि तसाच परत पळत आला. चित्र पुन्हा सुरू झालं होतं. त्यात कॅफेची भिंत दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, आणि एक रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची.

मला आधी का सांगितलं नाहीस, असं गेणबानं विचारलं. त्याला रडू येत होतं म्हणून आवाज चढला होता. दयानंद म्हणाला, तुम्ही विचारलंत काय करतोस, मी म्हटलं व्हिडिओ. चार जणांसमोर आणखी काय सांगणार? तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत.

त्या दिवशी दुपारी लाल चिंध्या चुलीत गेल्या. गेणबा पुन्हा दारोदार फिरला, या वेळी सदऱ्याचा विचार न करता. त्यानं प्रत्येकाला सांगितलं की आजपासून बाराही तारा जोडलेल्या राहतील, कुणाचं पीक काय ते मी विचारणार नाही, आणि नेट रडलं तर सगळ्यांचं सारखं रडेल. टंचाईत ऊस मागं ठेवला तो सगळ्या गावानं एकत्र बसून ठरवलेला असायचा. इथं मी एकट्यानं बाहेरून बघून ठरवलं, चुकलं माझं, असं तो बाराही दारांत म्हणाला. बारा वेळा म्हणताना एकदाही त्याचा पंजा वर गेला नाही.

मग त्यानं दयानंदच्या गावी फोन लावला. तिथं भिवाजी नावाचा शेजारी होता, त्याला रत्नाबाईच्या खुणा थोड्याफार कळायच्या. गेणबानं त्याला विनवून सांगितलं, बाईंना म्हणावं तुमच्या पोराचा दोष न्हाई, घरमालक म्हातारा हाय, त्यानं तार काढली, त्यो अडाणी हाय. भिवाजी म्हणाला, अडाणी एवढं सांगता येईल. बाकीचं जमेल असं वाटत नाही, आणि बाई हट्टी आहे.

आठवडा सरता सरेना. गेणबा दोनदा कोनाड्यापाशी जाऊन तारा हातानं चाचपून आला. गुरुवारी कौस्तुभ कॉम्प्युटरवर काही लिहीत होता. अमेरिकेतल्या त्या निकालाविरुद्ध लोक तिथल्या मंडळाला अर्ज पाठवत होते, आणि कौस्तुभही पाठवणार होता. गेणबा म्हणाला, माझं पन नाव घाल. कौस्तुभनं समजावलं की अण्णा, इथं राज्य निवडायला लागतं आणि यादीत महाराष्ट्र नाही. गेणबा म्हणाला, मग खाली मोकळ्या जागेत लिही. आणि त्यानं सांगितलं ते कौस्तुभनं इंग्रजीत करून खरोखर लिहिलं. गेणबा, पाटकरी, मुक्काम जांबे, तालुका मुळशी. बाहेरून बघून पीक वळखू येत न्हाई. म्या तीन आठवडं तेच केलं आन एका माउलीचं बोलनं तोडलं. तुमी तसं करू देऊ नका.

तो अर्ज तिकडं कुणी वाचला का, देव जाणे. पण पाठवून झाल्यावर गेणबाला जरा बरं वाटलं. संध्याकाळी तो दयानंदकडं गेला आणि चुकलो हे हातानं कसं म्हणायचं ते विचारून घेतलं. दयानंदच्या घरी ते असं म्हणत: उजवा हात आपल्या डोक्यावर ठेवायचा, मग दोन्ही हात समोर उपडे धरायचे. गेणबानं त्याचा सराव इतका केला की रंभाबाईला वाटलं, यांचं डोकं दुखतंय.

रविवारी साडेआठपासून तो नऊ नंबरमध्ये येऊन बसला. दाढी केली होती. पडद्यावर रिकामी खुर्ची होती. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. तिकडं कॅफेवाला एकदा येऊन, दिसत नाहीत अजून, अशी खूण करून गेला. साडेनऊला खुर्चीची पाठ हलली, आणि पदर सावरत रत्नाबाई तिच्यावर बसली. चेहरा घट्ट मिटलेला. हात मांडीवर, एकमेकांत अडकवलेले.

दयानंदनं आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. तान्हा असताना तो आईचा कान धरून झोपायचा, म्हणून त्या दोघांच्या भाषेत हे त्याचं नाव होतं. मी आहे, असं तो म्हणत होता. रत्नाबाई हलली नाही. मग त्यानं गेणबाला पुढं ओढलं.

गेणबा कॅमेऱ्यासमोर बसला. त्यानं हात डोक्यावर ठेवला, मग दोन्ही हात समोर उपडे धरले. एकदा केलं, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना डोळ्यांतलं पाणी पुसायला हात लागले आणि खूण अर्धीच राहिली.

रत्नाबाई पुढं वाकली. त्याला निरखून बघितलं, मग लेकाकडं बघितलं. तिचे अडकवलेले हात सुटले. उजवा पंजा आडवा झाला आणि कमरेपासून सावकाश वर यायला लागला.

अर्ध्यावरच चित्र गोठलं. बाराही तारा जोडलेल्या होत्या, रविवारची सकाळ होती, सात नंबरवाला चित्रपट उतरवत असणार. गेणबा ताडकन उठला, पडवीकडं निघाला. बाकीच्या अकरा तारा उपसल्या की झालं. दारापर्यंत गेला आणि तिथंच चौकटीला धरून थांबला.

"बसा अण्णा," दयानंद म्हणाला. "येईल. सगळ्यांबरोबर येईल."

गेणबा परत येऊन बसला. पडद्यावर तो पंजा पोटाच्या उंचीवर अडकून राहिला होता. हा हात आपला आहे, हे गेणबाला आता कुठं उमगत होतं. जिनं त्याला कधी बघितलं नव्हतं ती बाई त्याच्याच हातानं दार उचलत होती.

"काय म्हणती ती?"

"तुमचं नाव घेतेय. मी इथं राहायला आलो तेव्हा तिला सांगितलं होतं, घरमालक कसे आहेत ते. हात करून दाखवला होता तुमचा." दयानंदनं डोळे पुसले. "आमच्या घरात तुम्हाला हेच म्हणतात, अण्णा. पाणी सोडणारा."

गेणबा पडद्याकडं बघत राहिला. थोड्या वेळानं चित्र हललं, आणि रत्नाबाईचा हात सावकाश छातीपर्यंत वर आला.